सॉफ्टबॉल पिचिंगचा सकाळचा वर्ग, पश्चिम नागपूर : चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

माझी मुलगी नववीत आहे आणि गेल्या चौदा महिन्यांपासून ती पश्चिम नागपुरातील एका मैदानावर भरणाऱ्या सॉफ्टबॉल पिचिंगच्या वर्गाला जाते. हा सॉफ्टबॉलचा वर्ग नव्हे, केवळ पिचिंगचा आहे. तिथे फलंदाजी नाही, क्षेत्ररक्षण नाही, आठवड्यातून चार दिवस सकाळी पावणेसहा ते साडेसात या वेळात मुली फक्त चेंडू टाकायला शिकतात. फी भरण्यापूर्वी अशा वर्गाबद्दल कोणाचे तरी चार शब्द वाचायला मिळावेत असे मला फार वाटले होते, कारण क्रिकेटच्या अकादमीबद्दल या शहरात पानठेल्यावरही मत मिळते, पण सॉफ्टबॉलच्या पिचिंगबद्दल विचारले की निम्मे लोक बेसबॉलबद्दल बोलू लागतात आणि उरलेले निम्मे क्रीडागुणांबद्दल. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. वर्ग चालवणाऱ्या मॅडमनी आपले नाव व मैदानाचा पत्ता लिहू नये अशी विनंती केली आहे. जागा बाराच आहेत आणि त्या नेहमी भरलेल्या असतात, हे त्यामागचे साधे कारण. ज्यांना खरोखर हवे आहे त्यांना शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडून पत्ता मिळतोच. आम्हालाही तसाच मिळाला.

फी महिन्याला १,८०० रुपये असून तीन महिन्यांचे एकदम भरल्यास ५,००० रुपये घेतात. एका खेळातील एकाच कौशल्यासाठी ही रक्कम मला सुरुवातीला जास्त वाटली होती. पिचिंग म्हणजे नेमके काय हे तोवर मला ठाऊक नव्हते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणारी जिथून टाकते त्या पिचिंग प्लेटपासून बॅटर जिच्याशेजारी उभी असते त्या होम प्लेटपर्यंतचे अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असते. बेसबॉलमध्ये हेच अंतर ६० फूट ६ इंच असते आणि तिथला पिचर उंचवट्यावरून टाकतो. सॉफ्टबॉलचा पिचर मात्र ८ फूट त्रिज्येच्या सपाट वर्तुळात उभा असतो आणि हात खालून काढतो. चेंडू हातातून सुटतो तेव्हा टाकणारीचे पाऊल बरेच पुढे पडलेले असल्यामुळे प्रत्यक्षात चेंडूला साधारण अकरा मीटरच कापायचे असतात. ताशी ९० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात कापतो. टेनेसी विद्यापीठाच्या कार्लिन पिकन्स हिने २०२५ मध्ये ताशी ७९.४ मैल, म्हणजे जवळजवळ १२८ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला. त्या चेंडूसमोर बॅटरला डोळे मिचकावण्याइतकाच अवधी मिळतो. सात इनिंगच्या या खेळात पिचर ताकदीची असेल तर बाकीच्या आठ जणी सामान्य असल्या तरी निभावते, आणि पिचर नसेल तर बाकीच्या कितीही चांगल्या असल्या तरी सामना चालणे-पळणे एवढ्यावरच संपतो. शालेय स्पर्धांमध्ये आपण पाहतो ते बहुतेक वेळा हेच असते : एकामागून एक चार बॉल, म्हणजे बॅटरच्या टप्प्याबाहेर पडलेले चेंडू, बॅटर फुकट पहिल्या बेसवर, आणि प्रेक्षकांत बसलेले पालक भ्रमणध्वनीत डोके घातलेले.

याचे कारण मुलींमध्ये गुण नाहीत हे नसून शिकवणारे नाहीत हे आहे, आणि इथे मॅडमच्या कारकिर्दीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या वर्गात आपण ज्याचे पैसे मोजतो ती गोष्ट मैदान, जाळी किंवा साहित्य यांपैकी एकही नाही. आपण त्या कारकिर्दीचे पैसे मोजतो.

मॅडम काटोलकडच्या एका खेड्यातल्या. महाविद्यालयात असताना त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळल्या. आपल्याकडे ज्याला कलर होल्डर म्हणतात तो मान त्यांना दोनदा मिळाला. त्या सांगतात की त्यांना पिचिंग कोणी शिकवलेच नाही. संघात उंच होत्या, म्हणून चेंडू हातात दिला गेला. पहिले वर्ष त्यांनी स्लिंगशॉट पद्धतीने, म्हणजे हात घड्याळाच्या लंबकासारखा मागे नेऊन पुढे आणत काढले. दुसऱ्या वर्षी पंजाबच्या एका पिचरला पूर्ण वर्तुळ फिरवून टाकताना पाहिले आणि रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर उशीला टाके घालून केलेल्या चेंडूने भिंतीवर तेच करून पाहिले. पुढे अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाची पदवी, नंतर पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर सोळा वर्षे वेगवेगळ्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर नोकरी. ज्यांच्या घरी कोणी प्राध्यापकीच्या रांगेत उभे आहे त्यांना तासिका तत्त्व म्हणजे काय हे समजावून सांगायला नको : जितके तास तितके मानधन, शैक्षणिक वर्ष संपले की नियुक्ती संपली, जूनमध्ये पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत.

आपल्या महाविद्यालयांत पिचिंग प्रशिक्षक असे पदच नाही. असते ते शारीरिक शिक्षण संचालकाचे एक पद, त्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते, आणि त्या एका माणसाने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ उभे करायचे असतात. मॅडमनी सोळा वर्षांत खो-खोचे संघ नेले, क्रॉस कंट्रीच्या मुलांना बसमध्ये बसवून दिले, योगदिनाच्या चटया मोजल्या. आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात, कुणी सांगितले नसताना, दरवर्षी दोन-तीन मुली बाजूला घेऊन त्यांना पिचिंग शिकवले. त्यांच्या हातून गेलेल्या मुलींपैकी काही विद्यापीठाच्या संघात खेळल्या आणि काही शासकीय सेवेत खेळाडूंसाठी असलेल्या पाच टक्के आरक्षणातून नोकरीला लागल्या. ज्या कामासाठी त्यांना कोणी पगार दिला नाही तेच काम त्यांची ओळख झाले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मुलाखतींना जाणे थांबवले आणि हा वर्ग सुरू केला.

अमेरिकेत याच कामाची एक सरळ चढण आहे, आणि मॅडम त्याबद्दल बोलू लागल्या की सकाळचा व्यायाम दहा मिनिटे लांबतो. तिथल्या विद्यापीठांच्या संघांत पिचिंगसाठी स्वतंत्र प्रशिक्षक असतो. बहुधा ती स्वतः पूर्वीची पिचर असते. पदव्युत्तर शिक्षण घेता घेता साहाय्यक म्हणून सुरुवात करते, मग पूर्ण वेळ साहाय्यक होते. २०२३ पर्यंत त्या साखळीत बिनपगारी स्वयंसेवक प्रशिक्षक अशीही एक पायरी होती. त्या वर्षी एनसीएएने, म्हणजे तिथल्या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने, ती काढून टाकली आणि संघाला मुख्य प्रशिक्षकाखेरीज तीन साहाय्यक ठेवता येऊ लागले. हे सांगताना मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "पाहा, फुकट काम करणारे तिकडेही होते. फक्त त्यांनी ते बंद केलं." ओक्लाहोमा विद्यापीठाने २०२१ ते २०२४ अशी सलग चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली तेव्हा मुख्य प्रशिक्षक पॅटी गॅसो यांचे नाव सर्वत्र झाले, पण त्या चारही वर्षी पिचिंगची जबाबदारी जेनिफर रोचा यांच्याकडे होती, आणि त्याआधी फ्लोरिडाने २०१४ व २०१५ मध्ये विजेतेपद मिळवले तेव्हाही तिथल्या पिचर त्यांच्याच हाताखाली होत्या. १९९६, २००० आणि २००४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या लिसा फर्नांडेझ ज्या यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडून खेळल्या तिथेच प्रशिक्षक झाल्या. कॅट ऑस्टरमन टेक्सास स्टेटमध्ये पिचर घडवत असतानाच निवृत्तीतून परत आल्या आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून स्वतः चेंडू टाकला. तिथे सामन्यात कोणता चेंडू टाकायचा हेही बहुतेकदा प्रशिक्षकच ठरवतो. बाकावरून तीन आकड्यांची खूण येते, कॅचर, म्हणजे होम प्लेटमागे बसून चेंडू झेलणारी, मनगटावरच्या पट्टीतला तक्ता पाहते आणि त्याप्रमाणे पिचरला इशारा देते. मॅडमनी तसा एक तक्ता वहीच्या पानावर आखून, सेलोटेपने गुंडाळून, रबरबँडने मनगटाला बांधण्याजोगा केला आहे. मुलींना तो फार आवडतो. खरे सांगायचे तर अजून त्यातले दोनच चेंडू त्यांना टाकता येतात.

आता प्रत्यक्ष शिकवण्याबद्दल.

पहिले सात आठवडे माझ्या मुलीने पूर्ण अंतरावरून एकही चेंडू टाकला नाही. पहिल्या पंधरवड्यात तर ती एका गुडघ्यावर बसून भिंतीपासून दहा फुटांवरून केवळ मनगट आणि कोपराखालचा हात वापरून चेंडू सोडत होती, आणि रोज घरी येऊन विचारत होती की खरे पिचिंग कधी. मी दोनदा मॅडमशी या विषयावर बोललो. दोन्ही वेळा त्यांनी मला बोलू दिले आणि मग मुलीच्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, मैदान आखायच्या फक्कीचा एक पट्टा ओढला. तिने चेंडू टाकला. मॅडमनी तिच्या काळ्या ट्रॅकपँटकडे बोट दाखवले. कमरेच्या हाडाजवळ काहीच नव्हते. शेजारच्या मुलीने, जी दीड वर्षापासून येत होती, तसाच पट्टा ओढून टाकला आणि तिच्या पँटवर, बरोबर कमरेच्या बाजूला, दोन बोटे रुंद पांढरी रेघ उमटली. पूर्ण वर्तुळ फिरून खाली आलेला हात कमरेला किंचित घासून जातो, त्या घासण्याने वरचा हात क्षणभर अडतो आणि खालचा हात चाबकाच्या टोकासारखा सुटतो. वेग येतो तो तिथून, खांद्याच्या जोरातून नाही. हे वाक्य मी अनेक चित्रफितींत ऐकले होते, पण फक्कीची रेघ पाहिल्यावर मला ते कळले. त्यानंतर मी मॅडमना घाई करण्याबद्दल बोललो नाही. आमच्या घरच्या धुण्यात मात्र अजूनही फक्की निघते.

दुसरी गोष्ट इन्सुलेशन टेपची. पिवळ्या चेंडूभोवती मधोमध काळी टेप गुंडाळलेली असते. ड्रॉप, म्हणजे बॅटरजवळ येताना खाली पडणारा चेंडू, टाकताना तो नीट पुढच्या दिशेने फिरला तर हवेत टेपची एक स्थिर उभी रेघ दिसते. बोटे बाजूने सरकली तर रेघ डगमगते, आणि बंदुकीच्या गोळीसारखी फिरकी बसली तर नुसता एक काळपट गोल दिसतो. रडार, संवेदक, संगणक यांपैकी काही नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत चेंडूच्या फिरकीचा वेग आणि अक्ष मोजणारी उपकरणे आता सर्रास असतात, आणि मॅडमना त्यांची माहिती आहे. पण नऊ-दहा रुपयांच्या टेपने चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःची चूक दिसते, हे मला जास्त मोलाचे वाटते. तिसरी गोष्ट सुतळीची. पिचिंग प्लेट २४ इंच रुंद असते आणि पाऊल त्या रुंदीच्या आतच पुढे पडले पाहिजे असा नियम आहे. मॅडम प्लेटच्या दोन्ही कडांपासून होम प्लेटच्या दिशेने दोन सुतळ्या ताणतात, आणि ज्या मुलीचे पाऊल सुतळीला लागते तिला सगळे जण "गाडी रुळावरून उतरली" असे ओरडून सांगतात.

बोलण्याची त्यांची पद्धत तुटक आहे. "खांदा काऊन उचलून राहिली?" हे वाक्य एका सकाळी मी अकरा वेळा मोजले. "फेकू नको, सुटू दे" हे दुसरे. कौतुक जवळजवळ नसतेच. चेंडू मनासारखा पडला तर त्या पुढच्या मुलीकडे वळतात, आणि न बोलता वळणे हीच शाबासकी असते हे मुलींना महिनाभरात कळते. ज्यांच्या मुलांना सतत उत्तेजनाचे शब्द लागतात त्यांनी हे लक्षात घ्यावे. माझ्या आईने एकदा गच्चीवर सराव चालू असताना पाहिले आणि विचारले, "बाप्पा, ही पोरगी हात गरगर फिरवून कोणाले मारून राहिली?" हे मी मॅडमना सांगितले तेव्हा चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्या मोठ्याने हसल्या.

पालकांनी काय करायचे, याबद्दल वर्गाचा एक नियम आहे जो प्रवेशाच्या वेळी स्पष्ट सांगितला जात नाही : कॅचर आपण व्हायचे. बारा मुली, तीन कॅचर, त्यामुळे उरलेल्या मुलींसाठी आई किंवा बाबांनी रंगाची वीस लिटरची रिकामी बादली उलटी ठेवून तिच्यावर बसायचे आणि मिट, म्हणजे कॅचरचा जाड हातमोजा, पुढे धरायची. मी चाळिशी ओलांडलेला, बँकेत खुर्चीवर बसणारा माणूस. पहिल्या आठवड्यात ड्रॉप माझ्या नडगीवर बसला तेव्हा नडगीपॅडची किंमत मी त्याच दिवशी विचारली. तक्रार म्हणून हे लिहिले असले तरी त्या बादलीवरून जे दिसते ते कडेच्या बाकावरून दिसत नाही. चेंडू १२ इंच परिघाचा, साधारण १८० ते २०० ग्रॅम वजनाचा, आणि तो कमरेच्या उंचीवरून निघून तुमच्या गुडघ्याकडे येतो; ज्याला राईज म्हणतात तो तर खालून वर येत राहतो आणि छातीशी पोहोचेपर्यंत खाली पडायचे नावच घेत नाही. चेंडू मधल्या वाटेत उसळी मारतो असे अनेकांना वाटते, तसे नसते. तो खालून वरच्या दिशेने सोडलेला असतो आणि उलट्या फिरकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी पडतो. बॅटरचा मेंदू मात्र त्याला पडायला लावतो आणि बॅट खालून जाते. दीड वर्षाच्या आतल्या मुलींना राईज शिकवायला मॅडम ठाम नकार देतात. यावरून दोन पालकांनी मुली काढून घेतल्या. माझ्या मते मॅडमचे बरोबर आहे, कारण ज्या मुलीला ड्रॉप आणि चेंज-अप (हात तितक्याच वेगाने फिरवून मुद्दाम संथ सोडलेला चेंडू) नीट येत नाही तिचा राईज म्हणजे बॅटरच्या छातीवर आलेला सरळ चेंडू असतो.

या वर्गाचे मला वाटणारे सर्वांत मोठे वैशिष्ट्य एका शंभर पानी वहीत आहे. प्रत्येक मुलीच्या नावापुढे, त्या सकाळी पूर्ण अंतरावरून टाकलेल्या चेंडूंच्या रेघा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींसाठी मॅडमनी स्वतः ठरवलेली मर्यादा ७० आहे आणि ती ओलांडली की चेंडू काढून घेतात, मग सामना उद्या असो की परवा. हे मला जास्त भिडले त्याला कारण आहे. या वर्गाआधीच्या उन्हाळ्यात आम्ही मुलीला शहरातल्या एका दुसऱ्या शिबिरात घातले होते. तिथे रोज दोनशे चेंडू टाकून घेत आणि वेगाची स्पर्धा लावत. तिसऱ्या आठवड्यात तिच्या खांद्याचा पुढचा भाग दुखू लागला, आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी दंडाच्या स्नायूचा कंडरा सुजल्याचे सांगून तीन आठवडे विश्रांती दिली. खालून टाकलेल्या चेंडूने हाताला इजा होत नाही, असा एक समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे. प्रत्यक्षात अभ्यासांत असे दिसले आहे की विंडमिल पद्धतीत, म्हणजे हात पूर्ण वर्तुळ फिरवून टाकताना, दंडाच्या पुढच्या स्नायूवर, विशेषतः हात वर्तुळाच्या शेवटच्या चतुर्थांशात खाली येत असताना, वरून फेकण्यापेक्षाही जास्त ताण येतो. बेसबॉलमध्ये लहान मुलांच्या चेंडूसंख्येला जशी मर्यादा घालतात तशी इथे सर्वत्र नाही, आणि त्यामुळे संघात एकच पिचर असली की तीच सगळे सामने टाकते.

मॅडम याबद्दल बोलताना २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील युकिको उएनोचे उदाहरण देतात. जपानच्या या पिचरने दोन दिवसांत तीन सामन्यांत २८ इनिंग आणि ४१३ चेंडू टाकले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला ३-१ असे हरवले. त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधूनच गेला. १३ वर्षांनी टोकियोत परतला तेव्हा उएनो ३९ वर्षांची होती, आणि पुन्हा अमेरिकेविरुद्धच सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात ती होती. मुलींना ही गोष्ट ऐकून ४१३ चेंडू टाकावेसे वाटतात. मॅडम विचारतात, "आधीच्या वर्षी तिनं किती टाकले, कोणी पाहिलं का?"

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. पावसाळ्यात या मैदानावर वर्ग होत नाही. नागपूरची काळी माती एकदा भिजली की पिचिंग प्लेटपुढे जो खड्डा पडतो त्यात पाय मुरगळतो, आणि मुरूम टाकायला मैदानाच्या मालकांची परवानगी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये भरतो, तिथे पाय घासत पुढे जाणे शक्य नसल्यामुळे केवळ अर्धा सराव होतो, पण फी पूर्ण लागते. याबद्दल मी बोललो असता पुढच्या वर्षी त्या दोन महिन्यांत निम्मी फी घेऊ असे उत्तर मिळाले. लेखी काही नाही. पावतीही मागितल्याशिवाय मिळत नाही. जाळी दोन ठिकाणी फाटलेली आहे आणि तिच्यामागे वाहने लावू नयेत.

यापेक्षा गंभीर तक्रार रविवारची आहे. मॅडम महिन्यातून एक-दोन रविवार बाहेरगावी असतात आणि त्यांची एक जुनी विद्यार्थिनी वर्ग घेते. ती चांगली खेळाडू आहे, पण तिने मुलींना चेंडू सोडल्यावर कोपर तोंडासमोर वर आणायला सांगितले. ही जुनी पद्धत आहे. एके काळी सगळीकडे तसेच शिकवत, आणि मॅडम स्वतः तिच्या विरुद्ध शिकवतात, कारण त्यात मुलगी चेंडू सुटण्याआधीच हात उचलू लागते आणि कमरेचा स्पर्श निघून जातो. माझ्या मुलीला यातून सावरायला दोन आठवडे लागले. एका छताखाली दोन शिकवणी चालणे बरे नाही, हे मी मॅडमना सांगितले आहे. तेव्हापासून रविवारी फक्त भिंतीचा सराव होतो.

साहित्याचा खर्च फीमध्ये धरू नये. मेरठ किंवा जालंधरकडून येणारे ग्लोव्ह सीताबर्डीतल्या दुकानांत मिळतात, पण पिचरसाठी बंद जाळीचा ग्लोव्ह लागतो, म्हणजे चेंडूवरची बोटांची पकड समोरच्या बॅटरला फटीतून दिसणार नाही असा. तो मागवून घ्यावा लागतो आणि दुकानदार तीन-चार आठवडे लावतो. चेहऱ्याचे जाळीदार मास्क मॅडमकडे सक्तीचे आहे. हा नियम मला सुरुवातीला अति वाटला होता. सामन्यात तेरा मीटरवरून पिचरच्या तोंडाकडे परत येणारा फटका एकदा पाहिल्यावर वाटेनासा झाला.

उन्हाळ्याबद्दल वेगळे सांगायला नको. एप्रिलपासून वर्ग सव्वापाचला सुरू होतो, आणि नवतप्याच्या नऊ दिवसांत पूर्ण बंद असतो. पाण्याची सोय आपली आपण करावी.

निकाल काय, असे नातेवाईक विचारतात. या वर्षी सतरा वर्षांखालील जिल्हास्तर शालेय स्पर्धेत मुलीने दोन सामन्यांत चेंडू टाकला. पहिला जिंकला, दुसरा ४-६ असा हरला, आणि हरलेल्या सामन्यात तिने पाच जणींना चार बॉलवर फुकट चालत पाठवले. वेग विचाराल तर एका मित्राच्या यंत्रावर ताशी ७१ किलोमीटर भरला, म्हणजे फार नाही. पण त्याच हरलेल्या सामन्यातील चौथ्या इनिंगमध्ये, दोन स्ट्राईक झालेल्या, म्हणजे तिसऱ्याला बाद होणाऱ्या, एका उंच, दणकट बॅटरला तिने चेंज-अप टाकला : हात तितक्याच वेगाने फिरला, पाऊल तितकेच पुढे पडले, चेहऱ्यावर तोच जोर होता, आणि हातातून निघालेला चेंडू जणू रस्त्यात कोणाशी बोलत उभा राहिला. बॅटरची बॅट पूर्ण फिरून खांद्यावर गेली, ती स्वतःभोवती अर्धी वळली, आणि मग चेंडू कॅचरच्या मिटमध्ये आला. मी जाळीमागे उभ्या असलेल्या मॅडमकडे पाहिले. त्या न बोलता दुसऱ्या मैदानाकडे वळल्या होत्या.

तेव्हा हा वर्ग कोणासाठी आहे? ज्यांना दहावीच्या क्रीडागुणांसाठी एका वर्षात प्रमाणपत्र हवे आहे त्यांनी इथे येऊ नये. तो हिशेब संघात कुठल्याही जागी खेळून जमतो आणि त्यासाठी पहाटे उठायची गरज नाही. दहा वर्षांखालील मुलींनाही मॅडम घेत नाहीत. बारा ते सोळा वर्षांची मुलगी, जिला एकच गोष्ट शंभर वेळा करण्याचा कंटाळा येत नाही, आणि घरातला एक माणूस जो आठवड्यातून चार सकाळी बादलीवर बसू शकतो, अशा जोडीला हा वर्ग लाभेल. पाच ताऱ्यांपैकी मी चार देतो. एक पावसाळ्याच्या फीसाठी कापला आहे, आणि ती खरोखर निम्मी झाली तर परत देईन.

नव्या मुली दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारपासून घेतात. पहिल्या दोन सकाळी फी लागत नाही आणि ग्लोव्हही लागत नाही, काळी ट्रॅकपँट मात्र घालून यावे, म्हणजे फक्की दिसते. बादली घरून आणावी. आमची गेल्या महिन्यात फुटली.